रॅमवरचा स्टिकर आणि जबाबदारीचा प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेत सध्या एका रॅमवरून रण पेटलं आहे. कॉलेजचं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या राउटरची मेमरी कमी पडत होती. संगणक विभागाने दुसऱ्या कंपनीची रॅम आणून लावली, नेटवर्क सुरळीत झालं, आणि वर्षअखेरीला लेखापरीक्षकाचा शेरा आला: मूळ उत्पादकाचा नसलेला सुटा भाग वापरला, खुलासा करावा. तेव्हापासून खरेदी समितीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, अनुदानाच्या पैशातून घेतलेल्या यंत्रात ‘लोकल माल’ घातलाच कसा, आता वॉरंटी गेली म्हणून समजा. दुसरा म्हणतो, कंपन्या लुटायलाच बसल्यात, गोलाणी मार्केटमध्ये मिळेल ती रॅम आणा आणि खोचा, लॅपटॉपला चालते तर राउटरला का चालू नये? दोघांचंही ऐकून घेतलं की वाटतं, यांतल्या एकानेही राउटरचं झाकण काढून आत पाहिलेलं नाही. हाच वाद धुळ्याच्या पतसंस्थेत कानावर येतो, शहाद्याच्या इंटरनेटवाल्याकडे येतो, आणि दर वेळी भलत्याच मुद्द्यावर अडून बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. योग्य मापाची, नाव-पत्ता असलेल्या विक्रेत्याकडून घेतलेली, लावण्याआधी तपासलेली बाहेरची रॅम राउटरमध्ये बसवण्यात काहीही गैर नाही. खानदेशात तर बऱ्याचदा तोच शहाणपणाचा मार्ग ठरतो. ‘फक्त मूळ उत्पादकाचीच मेमरी’ ही निविदांमध्ये डोळे झाकून उतरवली जाणारी अट काढून टाकायला हवी. पण म्हणून ‘कुठलीही चालते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला मला बसवू नका. त्यांच्याशी माझं भांडण जास्त मोठं आहे.

मुळात मूळ उत्पादकाच्या त्या स्टिकरखाली काय असतं? सिस्को, जुनिपर, मिक्रोटिक या राउटर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कुणीही डीरॅमची, म्हणजे रॅममधल्या मेमरीची, चिप स्वतः बनवत नाही. जगातल्या डीरॅमचा फार मोठा वाटा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांतून येतो. चिपची मापं, व्होल्टेज, वेग, पिनांची रचना हे सगळं जेडेक या मानकसंस्थेने ठरवून दिलेलं असतं. राउटरची कंपनी तयार मॉड्यूल (चिप बसवलेली पट्टी, तिलाच स्टिक म्हणतात) विकत घेते, आपल्या यंत्रात चालवून बघते, पास झालं की त्यावर आपला पार्ट नंबर चिकटवते. या चाचणीला किंमत आहे, ती मी नाकारत नाही. पण ती चाचणी एकदा एका मॉडेलसाठी होते, आणि तिचे पैसे मात्र प्रत्येक स्टिकवर, बाजारभावाच्या कित्येक पटीने, वर्षानुवर्षं वसूल होतात. मिक्रोटिकच्या सीसीआर १०३६ सारख्या राउटरमध्ये तर लॅपटॉपला लागते त्याच प्रकारच्या एसओ-डिम रॅमचे स्लॉट दिलेले आहेत. त्या राउटरवर तालुक्याच्या गावांतलं इंटरनेट चालतं आणि तिथे कुणी ‘मूळ उत्पादक’ म्हणून हटून बसत नाही.

‘ओरिजिनल म्हणजे बिनधोक’ या समजुतीला सगळ्यात मोठा तडा खुद्द सिस्कोनेच दिला आहे. मार्च २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २००५ ते २०१० या काळात एकाच पुरवठादाराने बनवलेले मेमरीचे भाग तिच्या काही उत्पादनांत निकामी होत आहेत. त्याच तिमाहीच्या आसपास तिने या दुरुस्तीपोटी ६५ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा हिशेबात धरला. दोष मोठा लबाड होता. यंत्र सुरू असेपर्यंत बहुधा काहीच कळायचं नाही. दोनेक वर्षं विनातक्रार चाललेलं उपकरण एकदा बंद करून पुन्हा चालू केलं की मग ते उठायचंच नाही. ज्या भागात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचं बजेट दर वर्षी पुढे ढकललं जातं, तिथे या दोषाचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये जे यंत्र वर्षभरात एकदाही बंद होत नाही, तेच यावलला पावसाळ्यात आठवड्यातून चारदा बंद होतं. म्हणजे जिथे वीज वाईट, तिथे ‘ओरिजिनल’चाच दोष आधी उघडा पडणार.

आता याच प्रकरणाची दुसरी बाजू. ती पहिल्या तटाच्या फायद्याची आहे, आणि खरी आहे. सिस्कोने दोष लपवला नाही. कोणती उत्पादनं, कोणता काळ, काय लक्षणं, हे सगळं ग्राहकांपुढे ठेवलं आणि खर्च अंगावर घेतला. अनोळखी दुकानातून आणलेल्या रॅममध्ये असा दोष निघाला असता तर कळवायला कोण आलं असतं? दुकानदाराने कानावर हात ठेवले असते. तेव्हा स्टिकरची खरी किंमत चिपच्या दर्जात नाही, ‘हे माझं, बिघडलं तर मी बघतो’ म्हणणारा कुणीतरी असण्यात आहे. हे एकदा मान्य केलं की वादाची दिशाच बदलते. मग विचारायचं ते एवढंच: जबाबदारी घेणारा दुसरा कुणी असू शकतो का? आणि ज्याने ती घेतली आहे, तो आपल्या गावापर्यंत पोचतो का?

‘आमच्या यंत्रात आमचाच भाग’ हा आग्रह काही राउटरबरोबर जन्मलेला नाही. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आयबीएमने हेच म्हणणं मांडलं होतं. गणनयंत्रं भाड्याने घेणाऱ्यांनी पंचकार्डं, म्हणजे माहिती भरायची भोकं पाडलेली कार्डं, तीही आमचीच वापरावीत, दुसऱ्याची निकृष्ट कार्डं यंत्र चुकवतील आणि बदनाम आम्ही होऊ. न्यायालयाला ते पटलं नाही. खुद्द अमेरिकी सरकार स्वतः तयार केलेली कार्डं त्याच यंत्रांत वापरत होतं आणि यंत्रं नीट चालत होती. कंपनीने दर्जा काय हवा ते सांगावं, इशारा द्यावा, पण दुसऱ्याच्या मालाला दारच बंद करू नये, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे टेलिफोनच्या बाबतीत हेच नाटक पुन्हा झालं. फोनवर बोलताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडाच्या टोकावर बसवायच्या एका साध्या पेल्यालाही, हश-ए-फोन त्याचं नाव, एटी अँड टीने हरकत घेतली होती. कारण तेच, नेटवर्कची सुरक्षितता. १९५६ मध्ये न्यायालयाने ती हरकत उडवली आणि १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने बाहेरची उपकरणं टेलिफोनच्या जाळ्याला जोडायची वाट मोकळी झाली. जाळं कोसळलं का? उलट आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम हा सगळा पसारा त्या मोकळ्या वाटेने आला. ज्या मोडेममुळे घरोघर इंटरनेट पोचलं, त्याच इंटरनेटची यंत्रं विकणाऱ्यांनी आज तोच जुना युक्तिवाद करावा, यात गंमत आहे.

अमेरिकेचं अमेरिकेत, असं कुणी म्हणेल. मग घरचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, हा ठपका होता. दंडावरून पुढे अपिलं झाली, पण आदेशातला वॉरंटीचा भाग या वादासाठी मोलाचा आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नका, असं आयोगाने बजावलं. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश मोटारींपुरता होता, राउटरला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तर्क तोच आहे. नांगरापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी २०२२ मध्ये समितीही नेमली. त्यात नेटवर्कच्या यंत्रांचं नाव कुणी काढत नाही, कारण ती कपाटात बंद असतात आणि बिल संस्था भरते.

आणि वॉरंटीचं ते प्रसिद्ध भूत? सिस्कोचं धोरण ‘बाहेरची रॅम लावली की वॉरंटी खलास’ असं म्हणतच नाही. बिघाडाचं मूळ त्या बाहेरच्या भागात आहे असं कंपनीला आढळलं, तर ती वॉरंटीतला किंवा सपोर्ट करारातला आधार नाकारू शकते, असं ते आहे. पंख्याचा आवाज येतो, पॉवर सप्लाय जळाला, पोर्ट मेला, यांचा रॅमशी काय संबंध? विक्री प्रतिनिधी हे धोरण सांगताना ‘तर’ हा शब्द गिळतो आणि समितीतले सभासद घाबरतात. अर्थात ठरवणार कंपनीच, ही यातली मेख आहे आणि ती लहान नाही. आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच, अशातली गत. शिवाय प्रत्यक्षात फोनवरचा इंजिनिअर ‘शो व्हर्जन’ या राउटरची माहिती दाखवणाऱ्या कमांडचा आउटपुट मागतो, अनोळखी मेमरी दिसली की आधी ती काढायला सांगतो. त्यात दोन तास जातात, कधी दिवस. म्हणून राउटरबरोबर आलेली मूळ स्टिक विकू नका, कुणाच्या डेस्कटॉपमध्ये घालू नका. लेबल लावून तिथल्याच कपाटात ठेवा. वाद झाला की ती परत बसवा आणि बिघाड तसाच आहे हे दाखवून द्या. बोलणंच खुंटतं.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र वॉरंटीचा नाहीच. तो आहे एल-वनचा. सरकारी किंवा अनुदानित खरेदीत सगळ्यात कमी दराला काम द्यायचं, आणि ‘मूळ उत्पादक’ ही अट काढली की कमी दराच्या नावाखाली कचरा आत येणार. हे खरं आहे. नव्या स्टिकरखाली जुनी, वापरलेली चिप देणारे आहेत. बनावटगिरी तर थेट मोठ्या नावाचीच होते. बनावट सिस्को उपकरणं अमेरिकेच्या सरकारी खात्यांपर्यंत पोचली होती आणि २००८ मध्ये त्यांच्या तपास यंत्रणांनी त्याविरुद्धची मोठी मोहीम जाहीर केली. २०२५ च्या अखेरीपासून तर मेमरीचे भावच भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला आणि मायक्रॉनने डिसेंबरात क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. भाव चढला की खोटा माल वाढतो, हे जळगावच्या सराफ बाजाराला कुणी शिकवायला नको.

पण या आजारावर ‘मूळ उत्पादक’ हे औषध आहे का? बनावट माल मूळ नावानेच येत असेल, तर नाव मागून बनावटगिरी थांबत नाही, उलट तिला दार सापडतं. आपल्याकडे विहिरीवरची मोटार जळते तेव्हा शेतकरी काय करतो ते आठवा. तो ती कोइंबतूरच्या कारखान्याला पाठवत नाही, तालुक्याला रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. पण तिथे डोळे मिटून सोडूनही देत नाही. तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, गेज किती, जुनी तार किती किलो निघाली, परत जळाली तर किती महिन्यांत फुकट भरून देणार, हे सगळं उभं राहून विचारतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस स्वतःच्या पैशाने खरेदी करताना स्पेसिफिकेशन विचारतो, आणि एमटेक झालेल्यांची समिती दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करताना फक्त ब्रँड विचारते. त्या कॉलेजचं बिल मी पाहिलं. ‘रॅम, १ नग’. मॉड्यूलचा सिरीयल नंबर नाही, क्षमता नाही, हमीची मुदत नाही. लेखापरीक्षकाने शेरा यावर मारायला हवा होता.

राउटरच्या रॅमचं स्पेसिफिकेशन म्हणजे नुसते जीबी नव्हेत, आणि इथेच ‘कुठलीही चालते’वाले तोंडावर आपटतात. चूक तपासणारी ईसीसी किंवा पॅरिटीची मेमरी हवी की साधी, बफर असलेली की नसलेली, वेग किती, मॉड्यूलची उंची किती, बोर्ड जास्तीत जास्त किती ओळखतो, या सगळ्याला अर्थ आहे. सिस्कोचा १८४१ हा आपल्याकडच्या शाखांमध्ये अजूनही धूळ खात चालणारा राउटर जास्तीत जास्त ३८४ एमबी घेतो. त्यात कुणी १ जीबीची स्टिक खोचून ‘कंपनीने लॉक केलंय’ म्हणत बसला तर दोष कंपनीचा नाही. एक स्वस्तातली साधी स्टिक ईसीसीच्या जागी बसलीही, राउटर सुरूही झाला, तरी पुढे कधीतरी एक बिट उलटला की ती चूक कुणी पकडणारच नाही, राउटर काही कारण न सांगता अडखळेल आणि सगळे केबल हलवत बसतील. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास मांडला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलांमध्ये चुका आढळल्या होत्या. म्हणजे चुका होतातच, त्या पकडणारी मेमरी हवी. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसला. ‘आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत लोकल रॅम टिकत नाही’ असं मेमध्ये ठासून सांगणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा. भुसावळच्या उन्हात राउटर मरतो तो बहुतेक वेळा धुळीने जाम झालेल्या पंख्यामुळे. त्याला ब्रश लागतो, ब्रँड नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. रॅम आणि फ्लॅश एकाच मापाने मोजली जाते. रॅम वीज गेली की सगळं विसरते, तिच्यातून कुणी तुमच्या नेटवर्कमध्ये काही पेरून ठेवेल ही भीती जवळपास पोकळ आहे. फ्लॅश कार्डाचं तसं नाही. राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर राहते, ती वीज गेली तरी टिकते. बाहेरचं फ्लॅश कार्ड वापरायचं तर ते कोरं करून, राउटरमध्येच फॉरमॅट करून, इमेज, म्हणजे त्या सिस्टिमची फाइल, अधिकृत ठिकाणाहून उतरवून आणि तिचा हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा, जुळवूनच वापरावं. हे न करता ‘मेमरी’ म्हणून दोन्हींना सरसकट होकार किंवा नकार देणारी समिती मला एकाच रांगेतली वाटते.

आता अंतराचा प्रश्न. माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल याच मुद्द्यावर लागायला हवा, आणि नेमका तोच कुणी काढत नाही. सपोर्ट करारात ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी बदली भाग’ लिहिलेलं असतं. ते नाशिकला खरं होत असेल. अक्कलकुव्याला शुक्रवारी दुपारी राउटर पडला तर तो भाग मंगळवारच्या आत दिसत नाही, आणि मध्ये सण आला तर विचारूच नका. तोपर्यंत पतसंस्थेची शाखा वहीवर चालते. त्याउलट कंपनीच्या एका स्टिकच्या पैशात चांगल्या विक्रेत्याच्या दोन-तीन स्टिक येतात. एक लावा, एक तिथल्याच ड्रॉवरमध्ये ठेवा. पडल्यापासून पंधरा मिनिटांत राउटर उभा राहतो, फार तर अर्ध्या तासात. पुण्यातल्या गोदामातली अस्सल रॅम मोठी, की हाताशी असलेली तपासलेली दुसऱ्या कंपनीची? जबाबदारी घेणारा शेकडो किलोमीटरवर असेल तर त्याच्या सहीचा उपयोग पैसे परत मिळवायला होतो, शाखा सुरू करायला नाही.

ज्यांना राउटरच बदलायचा आहे, त्यांचंही एक म्हणणं खरं आहे. रॅम वाढवून यंत्राचं आयुष्य वाढतं, सुरक्षितता नाही. ज्या मॉडेलचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले, त्याला थेट इंटरनेटच्या तोंडावर बसवून वर नवी मेमरी घालणं म्हणजे दुखणं लांबवणं. अशा जुन्या राउटरला आत, प्रयोगशाळेत किंवा शाखांतर्गत कामाला लावा. आणि प्रत्येक दुखण्यावर रॅम हा उपायही नव्हे. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाच्या इंटरनेटचा रस्त्यांचा तक्ता, म्हणजे कुठला डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा याची यादी, ५ लाख १२ हजार नोंदींच्या पुढे गेला आणि ठिकठिकाणचे जुने राउटर गडबडले. तिथे कमी पडली होती ती टीकॅम नावाची वेगळीच मेमरी, तिची वाटणी बदलून राउटर रीस्टार्ट करावा लागत होता. डीरॅमच्या दहा स्टिक घातल्या असत्या तरी फरक पडला नसता. आज तो तक्ता ९ लाखांच्या पुढे आहे. पण ज्या कॉलेजला इंटरनेटची एकच लाइन आहे त्याला तो तक्ता हवाच कशाला? सगळं त्या एकाच वाटेने पाठवणारा एक डिफॉल्ट रूट पुरतो. लॉगमध्ये ‘मॅलॉकफेल’, म्हणजे मेमरी मिळाली नसल्याची नोंद, दिसतेय का, मोकळी मेमरी दिवसागणिक घसरतेय का, हे आधी बघा. नसेल तर खरेदी समितीची बैठकच रद्द करा, चहाचे पैसे वाचतील.

निविदेत काय लिहावं, हे मला समितीतल्या एकाने विचारलं. एवढं पुरे: राउटरच्या मॉडेलशी जुळणारी, जेडेक मानकाची, अमुक क्षमतेची आणि अमुक प्रकारची नवी मेमरी, चिपच्या उत्पादकाचं नाव आणि मॉड्यूलचा सिरीयल नंबर बिलावर, किमान पाच वर्षांची लेखी हमी, बिघडल्यास ठरलेल्या मुदतीत जागेवर बदली, एक जादा स्टिक, आणि पूर्ण भारावर ७२ तास चालवून, मध्ये तीनदा वीज बंद-चालू करून मगच पैसे. वीज बंद-चालू करायची अट खास आपल्या भागासाठी आहे, ती वगळू नका. हे सगळं मूळ उत्पादक पूर्ण करत असेल तर त्याने जरूर भाग घ्यावा, त्याला कुणी अडवलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र मी बाहेरची रॅम लावणार नाही. ज्या राउटरवर रुग्णालय किंवा बँकेचं मुख्य कार्यालय उभं आहे, ज्याचा सपोर्ट करार चालू आहे आणि त्याचे लाखभर रुपये आधीच भरून झालेत, तिथे चार पैशांसाठी कंपनीला हात वर करायची सबब देणं हा शुद्ध वेडेपणा होईल. करार संपला की त्या राउटरलाही बाकीच्यांचाच नियम लावावा.